नल्लकुंट्याच्या काळ्या टोपड्याची मोहीम

श्रीगजाननचरणी मस्तक ठेवून, हैदराबादेतील नल्लकुंटा मुक्कामी मकरसंक्रमणाचे सुमारास जे युद्ध जाहले त्याची हकीकत, ऐकिवावर न विसंबता, समक्ष सोफ्यावर बसून पाहिली तैसी लिहितो.

राजमान्य सुशीलाबाईसाहेब, वय वर्षे बहात्तर, विणकामात बहुत नामांकित. घरची सारी डोकी त्यांच्याच टोपड्यांत वाढली. परंतु अलीकडे नजर मंद जाहली आणि मागील मोज्यांत एक लहान, एक मोठा उतरला, सबब सूनबाई गौरीबाई, मूळच्या पुण्याच्या, हल्ली संगणकाचे चाकरीत, यांनी मोठ्या अदबीने फर्मान काढिले की, नातू चिरंजीव पुष्करराजे यांचे बोरन्हाणास काळे टोपडे तयार मागवावे आणि सुयांचा डबा माळ्यावर ठेवावा. बाईसाहेबांनी तह मागितला की टोपडे आम्हीच विणू, राजे ते घालून बोरन्हाण पार पाडतील तर डबा खाली राहील, नाहीतर आम्ही स्वहस्ते वर चढवू. तह मंजूर जाहला.

मग मलकपेठेच्या बाजारातून लोकर आली, ती काळी, केसाळ आणि जागोजाग चंदेरी टिकल्या लाविलेली. हैदराबादेत ते दिवशी पंखा दोनावर होता, परंतु मोहिमेस थंडी नसल्याचा उजूर चालत नाही. तिसरे दिवशी एक टाका सुईवरून निसटला आणि केसांच्या रानात गडप जाहला. उसवू जावे तो केसांत केस गुंतलेले, आणि बाईसाहेब तीन वेळा चष्मा पुसून हताश जाहल्या. ते समयी शेजारच्या पद्मावतीअम्मा, साड्यांवर जरदोजी करणाऱ्या, कुमकेस आल्या आणि मसलत दिधली की लोकरीच्या सोबतीस बारीक गुळगुळीत धागा चालवावा आणि डोळ्यांचा नाद सोडून बोटांनी मोजावे. बाईसाहेबांनी डोळे मिटले, टाका चाचपून धाग्याने बांधिला आणि दोन दिवसांत टोपडे पुरे केले.

बोरन्हाणाचे दिवशी राजे हलव्याचे दागिने लेवून पाटावर बसले, टोपडे मस्तकी चढले आणि राजांनी असा आकांत मांडिला की जमलेल्या बायकांच्या मुठीतली बोरे मुठीतच राहिली. सुलट बाजू बाहेर, हा बाईसाहेबांचा पन्नास वर्षांचा कायदा. ही लोकर मात्र आपले सारे केस आणि टिकल्या उलट बाजूस टाकिते, आणि ते सारे राजांच्या टाळूस टोचत होते. गौरीबाईंनी तयार टोपडे पिशवीतून निम्मे बाहेर काढिले. पद्मावतीअम्मा वदल्या, "अम्मा, अंदर का बाहर करो, बच्चे कू चुभ रा."

उलट बाजू चारचौघांत दाखविणे म्हणजे घराण्यास बट्टा, असे याच बाईसाहेब सर्वांस सुनावीत आल्या होत्या. त्याच आता स्वहस्ते टोपडे उलटे करित्या जाहल्या. शिवण, गाठी, बांधलेला टाका, जे जे लपवावे ते ते केसांनी आपणच लपविले, आणि राजांनी रडे थांबविताच बायकांनी बोरे ओतिली, तो राजे डोईवरचे बोर उचलून खाऊ लागले.

सायंकाळी गौरीबाईंनी माळ्यावर डबा चढविण्यास काढिलेली शिडी परत जागेवर नेऊन ठेविली आणि सासूबाईंपुढे बसून आपले डोके मापास दिधले. बाईसाहेबांचे डोळे भरून आले, तरी माप बोटांनीच घेतले.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. टोपडे एक, उलटे. गळालेला टाका एक. तो कोठे आहे हे बाईसाहेबांच्या बोटांस ठाऊक, इतरांनी शोधू नये.