डंपरचं प्रमाण

कोणतंही कार्य हाती घेण्याआधी त्याचं नियोजन व्हावं लागतं, आणि नियोजन मनापासून झालं की कार्य हाती घेण्याची फारशी निकड उरत नाही. मोठ्या शहरांना हे उशिरा कळलं. सोनईकडून येताना कॅनॉल ओलांडला की जे गाव लागतं, त्याला ते पहिल्यापासून ठाऊक आहे. या गावात एकेचाळीस वर्षं अखंड हरिनाम सप्ताह होतो. सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही, आणि कीर्तनात मृदंगावर पहिली थाप पडली की गोठ्यातल्या म्हशीसुद्धा रवंथ थांबवून कान टवकारतात. हे नियोजनाशिवाय होत नसतं. (म्हशींसाठी वेगळी समिती नाही. ती असावी अशी सूचना दोनदा आली आहे.)

गहिनीनाथ नाना हे या गावातले निवृत्त डंपरचालक. बत्तीस वर्षं त्यांनी दहाचाकी, पाच ब्रासचा डंपर चालवला. मुरूम, खडी, माती, जे भरलं ते सांगितलं तिथं ओतून आले. या बत्तीस वर्षांत काल्याच्या दिवशी नाना गावात हजर असल्याची नोंद एकदाही सापडत नाही. सप्ताह चैत्रात, आणि रस्त्यांची कामं ऐन भरात येतात तीही चैत्रात.

त्यांच्या पत्नी कडूबाई मात्र दरवर्षी बायकांच्या पहिल्या रांगेत, मृदंगाच्या बरोबर समोर. काल्याच्या फुगडीत त्यांच्यापुढं कुणी टिकत नसे. मग दोन्ही गुडघे गेले. आता त्या ओट्यावर खुर्ची टाकून भोंग्यावरून कीर्तन ऐकतात. मंडप ते ओटा अंतर चाळीस पावलं. खुर्चीसकट उचलून नेऊ, असं गावातल्या पोरांनी सुचवलं होतं.

"चौघांनी उचलायचं ते एकदाच," कडूबाई म्हणाल्या. "दरसाल सराव नको."

विषय तिथंच मिटला. त्यांचा काल्याचा प्रसाद शेजारची सून आरती द्रोणातून आणून देई: दही, लाह्या, भिजवलेली डाळ आणि कैरीच्या लोणच्याची एक फोड. आरती हे काम कोणत्याही नियोजनाशिवाय करत होती, ही गंभीर बाब तेव्हा कुणाच्या लक्षात आली नव्हती.

निवृत्त होऊन घरी आल्यावर नानांच्या मनानं एकच घेतलं. आपल्या डंपरनं आयुष्यभर जगाचा मुरूम वाहिला. एकदा तरी कडूबाईसाठी काल्याची खेप आणावी. खरा डंपर मंडपाच्या दोरांमधून येत नाही. तेव्हा लहान डंपर करायचा, सगळा हातानं घडवलेला, रिमोटवर चालणारा. मंडपातून निघेल, गल्ली ओलांडेल, ओट्याला उलटा लागेल, जॅक हौदा उचलेल, मागचा फाळका उघडेल आणि काला कडूबाईंच्या द्रोणात पडेल. बाजारात खेळण्यातला तयार डंपर मिळतो, हे त्यांना माहीत होतं. पण त्याचे स्प्रिंगचे पाटे खोटे असतात आणि हौदा बोटानं उचलावा लागतो. बत्तीस वर्षं जॅकवर हौदा उचललेल्या माणसाला ते बोट बघवत नाही.

नाना खडी क्रशरवर जाऊन खऱ्या डंपरची मापं घेऊन आले. लांबी सात मीटर सत्तर सेंटिमीटर. त्याला चौदानं भागलं की पंचावन्न सेंटिमीटर, आणि हौद्यात बरोबर पाच लिटर काला. चासीला ॲल्युमिनियमची पट्टी, केबिनला फोमशीट, जॅकला आट्याची सळई आणि तिला फिरवायला छोटी मोटार. वहीची अकरा पानं भरली. चासी कापूनही झाली. सप्ताहाला चार महिने होते आणि नानांच्या हिशेबानं काम सव्वा महिन्याचं होतं.

इथं नानांकडून चूक झाली. मंडपातून डंपर चालवायचा तर विचारलेलं बरं, म्हणून ते सप्ताह समितीकडे गेले.

समितीचे अध्यक्ष बिभीषणराव हे शिस्तीचे गृहस्थ. त्यांनी त्याच दिवशी बैठक बोलावली आणि 'डंपर नियोजन समिती' स्थापन झाली. नानांनी उभं राहून वही वाचायला घेतली. "प्रमाण," ते म्हणाले, "एकास चौदा."

"प्रमाण कुणाचं?" बिभीषणरावांनी विचारलं.

"डंपरचं."

"नाना, आपण चाळीस वर्षं कीर्तन ऐकतो. प्रमाण संतांचं असतंय. डंपरचं प्रमाण कुठल्या अभंगात हाय?"

ज्यांनी कीर्तन ऐकलं आहे त्यांना यात वावगं दिसणार नाही. कीर्तनकार कितीही गोड बोलला, तरी त्यानं प्रमाण म्हणून संतवचन दिल्याशिवाय टाळकरी मान डोलवत नाहीत. मोजमापाचंही एक प्रमाण असतं, असं नानांनी तीन वेळा समजावून सांगितलं. शेवटी राहात्याच्या भागवत महाराजांना फोन लावण्यात आला. महाराज दुसऱ्या गावी हरिपाठाला उभे राहत होते. ते एवढंच म्हणाले, "प्रमाणाशिवाय काही करू नका," आणि त्यांनी फोन ठेवला.

कोंडी फोडली ती टाळकऱ्यांचे प्रमुख काकासाहेब यांनी. "एकास चौदा म्हंजी सरळ हाय की," ते म्हणाले. "एक कीर्तनकार, चौदा टाळकरी. ह्याच्यापरीस मोठं प्रमाण कोणतं पायजे?"

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. नानांच्याही आला, हे इथं प्रामाणिकपणे नमूद केलं पाहिजे. ठराव एकमतानं मंजूर झाला. जाता जाता बिभीषणरावांनी आरतीलाही निरोप दिला, "सूनबाई, आता तुला तरास न्हाई. कडूबाईंचा प्रसाद डंपरनं जायचाय."

पहिलं वर्ष उपसमित्यांत गेलं. चाक उपसमितीत दहा सभासद, दर चाकामागं एक. हौदा उपसमितीत पाच, दर ब्रासमागं एक. हॉर्न उपसमितीला सर्वाधिक अर्ज आले, म्हणून तिच्यासाठी वेगळी निवड समिती नेमावी लागली. एकूण एकेचाळीस बैठका झाल्या. त्यांपैकी एकोणतीस पत्रिकेवरच्या नावांच्या क्रमावर, सात हॉर्नच्या आवाजावर, चार चहा गार आल्यावर आणि एक डंपरवर. (तिला गणसंख्या भरली नाही.) नानांनी आधीच कापून ठेवलेली चासी अनधिकृत बांधकाम ठरली. कडूबाईंनी ती पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून घातली.

काल्याच्या दिवशी नाना मंडपात होते. डंपरच्या आराखड्याचं फ्लेक्स लावलं होतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तो समजावून सांगायला जाणकार माणूस लागत होता. भागवत महाराजांनी त्या वर्षी गोपाळांच्या शिदोऱ्यांचं असं काही निरूपण केलं, की ऐकणाऱ्याला यमुनेकाठचं गवत पायाला लागावं. प्रसादवाटप सुरळीत पार पडलं, असं इतिवृत्तात लिहिलं आहे.

दुसऱ्या वर्षी टाळकरी अठ्ठावीस झाले. काकासाहेबांनी लगेच पत्र दिलं, की टाळकरी वाढले तर प्रमाणही वाढलं पाहिजे. एकास अठ्ठावीस.

"मग डंपर निम्मा हुईल," नाना म्हणाले.

"चौदाचं अठ्ठावीस झाल्यावर निम्मा कसा हुईल, नाना? दुप्पट हुईल."

"लांबी निम्मी. आन् हौद्यात काला आठवा हिस्सा. पाऊण लिटरसुद्धा न्हाई."

"बगा," बिभीषणराव इतरांकडे वळून म्हणाले, "माणूस किती वर्षं स्टेअरिंगवर बसला, तरी हरिनाम वाढतं तसं सगळंच वाढतं हे ध्येनात येत न्हाई."

मतदान झालं. दुप्पट होण्याच्या बाजूनं अकरा मतं, निम्मं होण्याच्या बाजूनं एक. अशा रीतीनं डंपर बहुमतानं दुप्पट होऊन साडेसत्तावीस सेंटिमीटरांवर आला. आराखडा नव्यानं काढायचा म्हटल्यावर पुन्हा सगळ्या उपसमित्या आल्या. कामाचा वेग वाढावा म्हणून 'डंपर नियोजन (अधिकृत)' हा मोबाईलवरचा ग्रुप उघडण्यात आला, आणि आठवड्याभरात त्यातून 'डंपर नियोजन (मूळ)' हा दुसरा निघाला. त्या वर्षीच्या इतिवृत्तातही प्रसादवाटप सुरळीत आहे.

त्या काल्याच्या संध्याकाळी आराखड्याची गुंडाळी काखेत मारून नाना घरी आले. कडूबाई खुर्चीत डाळ निवडत होत्या.

"आवं, डंपर कुठवर आला?"

"नियोजन पुरं झालंय."

"मंडपापासनं चाळीस पावलं हायेत. माळावरनं मुरूम येवढ्यात चारदा आणला असता तुमी."

नानांनी अडचणी सांगितल्या. त्या सगळ्या खऱ्या होत्या. (हातात द्रोण घेऊन चाळीस पावलं चालत जाण्याचा पर्याय समितीपुढं कधीच आला नव्हता. त्यामुळं तो फेटाळताही आला नाही.)

तिसऱ्या वर्षी गावाचं नाव झालं. खर्ड्यापासून राहात्यापर्यंतची भजनी मंडळं आली आणि काल्याच्या कीर्तनाला एकशे बारा टाळकरी उभे राहणार असं ठरलं. काकासाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. प्रमाण एकास एकशे बारा करण्याचा ठराव त्यांनी उभ्यानं मांडला आणि सर्वांनी उभ्यानंच मंजूर केला. नाना एकटे बसले होते. ते मनात भागाकार करत होते.

लांबी एकोणसत्तर मिलिमीटर. उंचीला काडेपेटी उभी केल्यासारखा. हौद्यात दोन चमचे काला. चाकं शर्टाच्या गुंडीएवढी. हे कळल्यावर नानांना पहिल्यांदाच काम सोपं वाटलं. बत्तीस वर्षं अंगात घातलेला खाकी शर्ट कडूबाईंनी ट्रंकेत जपून ठेवला होता. त्याच्या दहा गुंड्या त्यांनी न विचारता काढल्या. केबिन, हौदा, फाळका एका दुपारी झालं. समितीनं हौदा जरा छोटा दिसतोय असं मत नोंदवलं, आणि हा दोष कारागिराचा असून प्रमाणाचा नाही, असंही नोंदवलं.

मात्र तांत्रिक प्रश्न उरले होते. बॅटरी, मोटार आणि रिमोटचा इशारा घेणारी पट्टी, या तिन्ही वस्तू प्रत्येकी अख्ख्या डंपरएवढ्या होत्या. सप्ताहाच्या आदल्या दिवशी तातडीची बैठक होऊन पुढील निर्णय झाले. बॅटरी, मोटार व पट्टी डंपरमध्ये न बसवता चालकाच्या खिशात ठेवावी. गुंडीची चाकं गल्लीतल्या खडीत रुतत असल्यानं डंपर रस्त्याऐवजी तळहातावरून चालवावा. तळहात चालकाचाच असावा. तळहाताला गती देण्यासाठी चालकानं स्वतः चालावं. आणि जॅकला जागा नसल्यानं हौदा उचलण्यासाठी चालकाचं एक बोट वापरण्यास विशेष बाब म्हणून मान्यता देण्यात येत आहे.

नानांनी सही केली. बोटाच्या ठिकाणी त्यांचा पेन थोडा थांबला, इतकंच.

काल्याच्या दिवशी सकाळी एकशे बारा टाळ एकदम वाजले तेव्हा पत्र्यावरची कबुतरं उडाली आणि बराच वेळ त्यांना उतरायचं सुचलं नाही. भागवत महाराजांनी हंडी फोडली. बिभीषणरावांनी हिरवी झेंडी दाखवली. नाना उजव्या तळहातावर डंपर घेऊन निघाले. डावा हात त्यांनी रिमोटवर ठेवला होता, कारण तसं पत्रिकेत छापलेलं होतं. हौद्यात तीन लाह्या आणि डाळीचा एक दाणा. वाऱ्यानं लाही उडू नये म्हणून ते जरा वाकून चालत होते. चाळीस पावलांना त्यांना खऱ्या घाटाला लागला नसता इतका वेळ लागला. ओट्याशी आल्यावर ते पाठमोरे झाले आणि उलटे मागं सरकत खुर्चीला लागले. मग वळून फाळका उघडला आणि बोटानं हौदा उचलला.

कडूबाईंनी पसरलेल्या हातातल्या लाह्या कपाळाला लावल्या आणि तोंडात टाकल्या. मग डंपर हातात घेऊन उलटा केला.

"ह्या तर खाकी शर्टाच्या गुंड्या."

"व्हय."

"लाह्या दोन सालं चुकवून आल्या," कडूबाई म्हणाल्या. "आन् तुमी पस्तीस वर्षांनी. रस्ता तर चाळीस पावलांचाच हुता न्हवं?"

नानांनी "समितीनं" असं म्हणून सुरुवात केली आणि ते वाक्य तिथंच ठेवलं. मग त्यांनी विचारलं, "दुसरी खेप आणू का?"

"आणा. पर द्रोणात आणा. फोड घाला लोणच्याची."

नाना गेले आणि आले. या दुसऱ्या खेपेला एक मिनिट लागलं. समितीनं तिची नोंद 'विनापरवाना वाहतूक' अशी केली असून नानांना समज दिली आहे. पहिली खेप मात्र पूर्ण यशस्वी ठरली. पुढच्या वर्षी दोनशे चोवीस टाळकरी अपेक्षित आहेत आणि त्या प्रमाणात डंपर आणखी मोठा करण्याचं नियोजन सुरू झालं आहे.

त्यासाठी समितीला नव्या सभासदांची गरज आहे. ज्या वाचकांनी इथपर्यंत येताना डंपरची लांबी, हौद्याची मापं आणि टाळकऱ्यांची संख्या मनात नीट धरून ठेवली, पण आधीची दोन वर्षं ओट्यावर प्रसाद कुणी नेला हे एकदाही विचारलं नाही, त्यांची एकमतानं निवड झाली आहे. पहिली बैठक कधी, ते कळवण्यात येईल. आरतीनं ते पहिल्याच वर्षी विचारलं होतं, त्यामुळं ती अपात्र ठरली.