वाघ कशासाठी आला

आमच्या बालवाडीतला लाकडी वाघ गणपतीच्या सुट्टीपासून शेळीच्या दाराशी उभा होता, आणि गोष्ट पुढे सरकल्याशिवाय तिथून हलण्याचा त्याला अधिकार नव्हता.

गोष्ट चैत्राली धुरी हिची होती. तिला पाचवे नुकतेच लागले होते. तिने बुटांच्या खोक्याला बाईंकडून दार कापून घेतले, आत लाकडी शेळी ठेवली, वाघाला दारापर्यंत चालवत आणले आणि दार वाजवायला लावले. शेळीने आतून विचारले, "कोण आहे?" तेवढ्यात सामानाचा टेम्पो आला. तिच्या वडिलांची कुडाळहून चिपळूणला बदली झाली होती. चैत्राली टेम्पोत बसून गेली आणि वाघाचे उत्तर राहिले.

बालवाडी चालवणाऱ्या संस्थेचा चिटणीस या नात्याने मी वाघाशी बोललो.

"तुम्ही काहीतरी उत्तर देऊन टाका."

"काय देऊ?" वाघ म्हणाला. "मी हिला खायला आलो आहे की हिच्याकडे पाहुणा आलो आहे, हे मला सांगितलेले नाही. खोटे कसे बोलू?"

हे मला पटले. असत्याचा मलाही तिटकारा आहे.

खोक्यातून शेळी म्हणाली, "त्यांचं काय जातंय? ते बाहेर उभे आहेत. जीव माझा जायचाय."

बालवाडीच्या शालिनीबाईंनी निहार नावाच्या मुलाला गोष्ट पुरी करायला सांगून पाहिले. "वाघाने शेळीला खाल्लं, संपलं," निहार म्हणाला आणि घसरगुंडीकडे पळाला. वाघाने नम्रपणे नकार दिला. ज्याची गोष्ट त्यानेच ती पुढे न्यावी, असा खेळण्यांचा नियम आहे. तो नियम मला योग्य वाटतो.

"नाना, तुम्हीच चिपळूणला जाऊन या," शालिनीबाई म्हणाल्या. "पण तिला प्रश्न विचारू नका. तुम्ही विचारता तेव्हा परीक्षाच घेता. जमिनीवर बसा आणि चुका."

"चुकू?"

"मनापासून चुका."

वाघाला दारापासून दूर करणे नियमात बसत नव्हते. म्हणून खोके, आतली शेळी आणि दाराशी वाघ असे सर्व मांडीवर घेऊन मी एसटीत बसलो. कंडक्टरने वाघाकडे पाहिले.

"मांडयेर बसलो तर तिकीट नाय. शिटीर बसलो तर अर्धा. आणि आत कोण आसा?"

"शेळी."

"वाघाक म्हायत आसा?"

"आहे."

"मगे बरा," तो म्हणाला आणि पुढच्या बाकाकडे वळला.

चिपळूणला धुरीबाईंनी आमचे मनापासून स्वागत केले. "या नाना! आमची चैत्राली बघा आता किती शहाणी झालीय. नवी शाळा कडक आहे हो. खेळणी सगळी माळ्यावर टाकली मी." त्यांनी हाक मारताच चैत्राली आली आणि हाताची घडी घालून सरळ उभी राहिली. मी खोके जमिनीवर ठेवले.

"चैत्राली," वाघ म्हणाला, "मी कशासाठी आलो?"

"वाघ हा जंगली प्राणी आहे," चैत्राली म्हणाली. "शेळी हा पाळीव प्राणी आहे. शेळी आपल्याला दूध देते."

"हे बरोबर आहे. पण मी कशासाठी आलो?"

तिने आईकडे पाहिले. आईने तिच्याकडे पाहिले.

"हे अजून शिकवलं नाही," चैत्राली म्हणाली.

वाघाने मान खाली घालायला हवी होती. परंतु तसे सांगितलेले नसल्याने तो होता तसाच उभा राहिला.

मी जमिनीवर बसलो. गुडघ्यांनी तक्रार केली; ती मी ऐकून घेतली. जे आपण नाही ते आहोत असे म्हणणे पाप आहे काय, याचा मी क्षणभर विचार केला. खोलीतले कोणीही फसणार नव्हते, वाघसुद्धा. देवाचे नाव घेऊन मी वाघाला हातात धरले आणि दार वाजवले.

"कोण आहे?" शेळीने विचारले.

"मी वाघ," मी म्हणालो. "पंचायतीकडून आलो आहे. घरात शेळ्या किती?"

चैत्रालीच्या हाताची घडी सुटली. "आजोबा! वाघ असं नाही बोलत."

मी पुन्हा दार वाजवले. "मी वाघ. मला थोडी कोथिंबीर हवी आहे."

"छे! वाघाला कोथिंबीर कशाला?" तिने फतकल मारली आणि वाघ माझ्या हातून काढून घेतला. "तुम्हाला काहीच येत नाही."

"येत नाही," मी म्हणालो. हे सत्य होते.

तिने वाघाला दाराच्या अगदी जवळ नेले आणि दार हळूच वाजवले. "कोण आहे?" शेळी म्हणाली. चैत्रालीने वाघाच्या डोळ्यांत पाहिले. बराच वेळ पाहिले.

"मी आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "मी नवीन राहायला आलोय. माझ्या घरात खूप काळोख आहे. मला भीती वाटते."

"असे होय," वाघ म्हणाला. त्याच्या आवाजातले ओझे उतरले.

"अगं, वाघ कधी घाबरतो का?" धुरीबाई म्हणाल्या. "शाळेत असं बोललीस तर..."

"बाई, जरा थांबा हो," शेळी आतून म्हणाली. "इथं माझ्या जिवाचा प्रश्न आहे."

धुरीबाई थांबल्या. चैत्रालीने खोक्याचे दार उघडले. शेळी बाहेर आली, तिने वाघाला खालपासून वरपर्यंत पाहिले आणि म्हणाली, "एवढ्यासाठी इतके दिवस उभे होतात? या आत." वाघ आत गेला. खोके त्या दोघांना पुरले.

मग धुरीबाईंनी असे काही विचारले, जे त्या घरात बरेच दिवस कोणी विचारले नव्हते.

"मग काय झालं गं?"

"मग चंद्र आला," चैत्राली म्हणाली. "आई, तू चंद्र. तू वर थांब. आजोबा, तुम्ही अंगणातलं झाड."

धुरीबाई पदर खोचून स्टुलावर चढल्या. मी अंगणात जाऊन हात पसरून उभा राहिलो. थोड्या वेळाने चैत्रालीने चंद्र मावळल्याचे जाहीर केले, कारण कुकर लावायचा होता. झाडाविषयी ती काही बोलली नाही. वाघ-शेळीला उशाशी घेऊन जेवणाआधीच ती झोपून गेली.

तिन्हीसांजेला धुरी घरी आले. त्यांनी माझ्या उजव्या हातावर छत्री अडकवली. नंतर नीट पाहून म्हणाले, "अरे, नाना! आत या की."

"मला मोकळे केलेले नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. घरातून त्यांनी मला पाणी आणून दिले. थोडे पायाशीही ओतले. मी उभ्यानेच सायंप्रार्थना म्हटली. ती कधी नव्हे इतक्या एकचित्ताने झाली.

सकाळी चैत्राली अंगणात आली. तिच्या एका काखेत वाघ होता, दुसऱ्या काखेत शेळी. तिने माझ्याकडे वर पाहिले आणि झाडाला मोहोर आल्याचे त्या दोघांना सांगितले.

मी पाहिले. आला होता.