नात्यातली आया

“निहूला सांभाळायला बाई मी शोधतो, तू टेन्शन घेऊ नकोस,” असं मी देवश्रीला म्हणालो, तेव्हा माझ्या तोंडात गरम जिलेबी होती. रविवारची सकाळ, बशीत पोहे, पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावण मसाला. अशा वेळी उज्जैनचा माणूस काहीही कबूल करतो. (देवश्रीशी लग्नही मी असंच पोहे खाता खाता ठरवलं होतं. पण ते बरोबर ठरलं.)

“नक्की ना रे प्रसाद?” देवश्रीनं विचारलं. “पुढच्या सोमवारी मला जॉइन व्हायचंय. साहेबांनी सबस्टेशनची जागा माझ्यासाठी तोपर्यंतच अडवून ठेवलीय. नाही गेले तर ती दुसऱ्याला देतील, आणि मी बसेन ऑफिसात बिलांच्या तक्रारी ऐकत.”

“अगं, बाई शोधायला असं काय लागतं? एक चक्कर मारली की दहा मिळतील,” मी म्हणालो.

माझी बायको वीज कंपनीत इंजिनिअर आहे. ती हेल्मेट घालून ट्रान्सफॉर्मरपाशी उभी राहिली की मिशाळ लाइनमनसुद्धा सरळ होतात. मला घरातला बल्ब बदलायचा झाला तरी स्टूल धरायला माणूस लागतं, आणि ते माणूस बहुतेक वेळा देवश्रीच असते. सबस्टेशन मिळावं म्हणून ती निहूच्या जन्माआधीपासून धडपडत होती. श्रावणी सोमवारी महाकालाची सवारी निघते तेव्हा अख्ख्या शहराचे दिवे चालू ठेवायचं काम म्हणजे काय, हे तिच्याकडून ऐकताना मला तिचा इतका अभिमान वाटतो की मी दुप्पट जेवतो.

तर बाई शोधायची होती. आईनं लगेच अट घातली. “बाई मराठीच हवी हं! पोरीचा पहिला शब्द काय, तर ‘हट’! दफ्तरदारांच्या घरात!” (तो शब्द निहूनं मला उद्देशून काढला होता, हे आई सोयीस्करपणे विसरते.) आम्ही दफ्तरदार. आमचे पूर्वज शिंदे सरकारच्या दफ्तरात होते, असं आई माधव नगरातल्या प्रत्येक भाजीवाल्याला सांगते. त्यामुळे भाजी स्वस्त झालेली मी तरी पाहिली नाही.

मराठी बाईची अट ऐकून मला वाटलं, त्यात काय मोठंसं. पण उज्जैनमध्ये आम्ही मराठी लोक किती आहोत, आणि एकमेकांत किती गुंतलेलो आहोत, हे मी विसरलो होतो.

पहिली आली गौरी. चुणचुणीत, हसरी, तिशीची. निहू तिच्याकडे बघून हसलीसुद्धा. मी मनात म्हटलं, झालं काम! एवढ्यात आई पदर सावरत बाहेर आली आणि सोफ्यावर टेकली.

“माहेरचं आडनाव काय गं?”

“पारसनीस.”

“कुठले? ग्वाल्हेरचे?”

“आजोबा ग्वाल्हेरचे. मग इथे आले, देवास गेटला.”

“दवाखान्याच्या वरचं बिऱ्हाड?”

“अय्या! तुम्हाला कसं माहीत?”

“अगंबाई! म्हणजे तू आमच्या सुधाकर-मृणालची मुलगी! सुधाकर माझा सख्खा मावसभाऊ. मी तुझी आत्या की गं!”

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी पण आनंदलो. ओळख निघाली, आता विश्वासाचा प्रश्नच मिटला. मी घसा साफ करून “तर मग कामाचं...” एवढंच म्हणालो, तर आईनं माझ्याकडे असं पाहिलं जसं मी देवघरात चपला घालून शिरलोय.

“भाचीला कामाला ठेवणार? लाज नाही वाटत? मृणालला काय तोंड दाखवू मी?”

मग आईनं गौरीला पाटावर बसवलं, हळदकुंकू लावलं, खण, नारळ, तांदूळ घालून तिची ओटी भरली. गौरी बिचारी कामाला आली होती, ती माहेरवाशीण होऊन गेली. रिक्षापर्यंत तिचा नारळ मी धरून चाललो. रिक्षात बसताना ती हळूच म्हणाली, “दादा, मला खरंच काम हवं होतं हो.” मी नारळ तिच्या हातात दिला.

देवश्री फक्त कॅलेंडरकडे बघून आली.

दुसऱ्या होत्या कुसुमताई. वयानं पोक्त, कामात मुरलेल्या. यांना मी आधीच फोनवर सगळं विचारून घेतलं होतं. कोल्हापूरकडच्या, नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीमुळे इकडे आलेल्या, त्यामुळे शिंद्यांच्या कुठल्याही दफ्तराशी संबंध नाही. म्हटलं, आता आई नातं काढतेच कशी ते बघू! ऑफिसातून हाफ डे घेऊन आलो आणि कुसुमताईंना शुक्रवारी दुपारी बोलावलं.

शुक्रवारी. श्रावणातल्या. दुपारी. जेवायच्या वेळेला.

आता हे ज्यांना कळलं त्यांनी कपाळावर हात मारला असेलच. आमच्याकडे श्रावणी शुक्रवारी सवाष्ण जेवायला घालतात. आईची ठरलेली सवाष्ण ऐनवेळी इंदूरला निघून गेली होती. पुरण वाटून तयार, पाट मांडलेला, आणि आई दाराकडे डोळे लावून बसलेली. तेवढ्यात बेल वाजली आणि दारात कुंकू लावलेल्या, हिरव्या बांगड्या घातलेल्या कुसुमताई.

“या, या! देवीनंच पाठवलं तुम्हाला,” असं म्हणून आईनं त्यांच्या पायांवर पाणी घातलं.

कुसुमताई गोंधळल्या, पण पुरणपोळी पाहून सावरल्या. मी ताटाभोवती घुटमळत होतो. दूध वाढायला वाकलो की म्हणायचो, “ताई, सोमवारपासून...” आणि आई स्वयंपाकघरातून ओरडायची, “प्रसाद! जेवणाऱ्या सवाष्णीशी कामाचं बोलतात का? देवी कोपेल!” जेवण झालं. विडा झाला. ओटी झाली. आईनं त्यांना वाकून नमस्कार केला, मला करायला लावला, देवश्रीला करायला लावला, निहूचं डोकं त्यांच्या पायांवर टेकवलं. ज्यांच्या पाया पडलो त्यांना लगेच “आता हिची दुपटी धुवा” असं कोण सांगेल? कुसुमताई तृप्त होऊन घरी गेल्या. त्यांचं ताट मी घासलं.

त्या संध्याकाळी देवश्री गच्चीवर कपडे काढायला गेली ती बराच वेळ खाली आली नाही. मी वर गेलो. ती दोरीला धरून उभी होती.

“मी साहेबांना फोन करून टाकते,” ती म्हणाली. “देऊन टाका म्हणते जागा. रडण्यापेक्षा ते बरं.”

“अगं, उद्याचा दिवस आहे अजून!”

“तुझ्या एका चक्करमध्ये दहा मिळणार होत्या ना?” ती चिडली नव्हती. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. मला फार वाईट वाटलं. हिच्यासारखी बाई तक्रारींच्या खिडकीत बसणार, आणि ती माझ्या जिलेबीपायी!

शनिवारी ऑफिसात शैलेंद्रला सगळं सांगितलं. शैलेंद्र माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “भिया, तुम लोग बाई ढूँढ रहे हो कि खानदान?”

मग त्यानंच अंबिकाबाईंचा नंबर दिला. त्याची जुळी पोरं त्यांनीच वाढवली होती. अंबिकाबाई शुद्ध मालवी. मराठीशी दूरचासुद्धा संबंध नाही. मी घरी येऊन जाहीर केलं, “मराठीची अट रद्द. आणि कोणीही, ऐकताय ना, कोणीही त्यांना माहेर, आडनाव, गाव विचारायचं नाही!” देवश्रीचा चेहरा बघून आईही वरमली होती. “मी तोंडच उघडत नाही. जप करत बसते,” ती म्हणाली आणि खरंच माळ घेऊन बसली.

अंबिकाबाई स्कूटीवर आल्या. डोळ्यांवर गॉगल, हातात पर्स, चाल अशी की सगळं माधव नगर त्यांच्या मालकीचं. “जय महाकाल,” म्हणून त्या आत आल्या, न सांगता पंखा वाढवला आणि दिवाणावर बसल्या. मी इंटरव्ह्यू घ्यायला खुर्ची पुढे ओढली, तर त्यांनीच सुरुवात केली.

“भैया, बच्ची रात को उठे तो कौन उठता है?”

“म्हणजे... देवश्री.”

“और आप?”

“मी... करवट बदलता हूँ.”

“हओ,” अंबिकाबाई म्हणाल्या. त्या एका ‘हओ’मध्ये माझा सगळा निकाल लागला.

निहू पडद्यामागे लपली होती. अंबिकाबाईंनी तिला हाक मारली नाही, चुटक्या नाहीत, ‘आले आले’ नाही. दिवाणावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता. त्या सरळ घड्या घालू लागल्या. टॉवेल, माझा बनियन, आईचा परकर. मग निहूचा झगा उचलला आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवला, आणि पुन्हा घड्या घालू लागल्या. पडदा हलला. एक डोळा दिसला. थोड्या वेळानं निहू बाहेर आली, अंबिकाबाईंच्या मांडीवर चढली, झगा काढून आपल्या डोक्यावर ठेवला आणि खदखदून हसली. आमची निहू! जी सख्ख्या मामाकडेही अर्धा तास जात नाही!

देवश्रीनं माझा हात दाबला. मी तर वेडाच झालो. इतका आनंद, इतकी सुटका, की तोंड आपोआप उघडलं आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे दफ्तरदार आतून बोलले, “वा, अंबिकाबाई, वा! आप मूल कहाँ की हैं?”

आईची माळ थांबली. देवश्रीनं डोळे मिटले.

“मायका बड़नगर,” अंबिकाबाई म्हणाल्या.

गप्प बसावं ना? नाही! “बड़नगर? अरे, मेरे पिताजी वहीं तो मास्तर थे!”

“कौन? बिष्णु माटसाब? मराठी माटसाब?” अंबिकाबाई उभ्याच राहिल्या. “अरे, मेरे बाबूजी को उन्होंने ही तो पढ़ाया! घर में बिठा के, खाना खिला के! राखी पे मायके जाती हूँ तो बाबूजी हर साल उनकी बात करते हैं!”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. “म्हणजे तू आमच्या ह्यांच्या भावासारख्या शिष्याची मुलगी. प्रसाद, अरे, ही तुझी बहीणच झाली की!” आणि ती तरातरा आत गेली. आत काय चाललंय ते मला आवाजावरून कळलं. तांदळाच्या डब्याचं झाकण. मग कपाटाचं दार. आई बाहेर आली ती ताम्हनात खण आणि नारळ घेऊनच.

“आई,” देवश्री म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण सबस्टेशनातला होता. “नारळ खाली ठेवा.”

“अगं पण...”

“ठेवा, आई. ह्या नारळापायी दोन बायका गेल्या. मला सोमवारी कामाला जायचंय. मला जायचंच आहे हो!” आणि एवढी खंबीर बाई, भर दिवाणखान्यात रडायला लागली.

अंबिकाबाई चक्रावल्या. “नारियल में क्या है?” त्यांनी मला विचारलं. मी सगळं सांगितलं, गौरी, कुसुमताई, पुरणपोळी, सगळं. आमच्यात नातं निघालं की कामाला ठेवता येत नाही, लोक नावं ठेवतात, हेही सांगितलं. अंबिकाबाई आधी हसल्या, मग इतक्या हसल्या की निहूला धरून बसावं लागलं.

“माँजी, परायों के बच्चे पाले मैंने, भतीजी को ना पालूँ? रिश्ता अपनी जगह, काम अपनी जगह.” त्यांनी आईसमोर ओचा पसरला. “लाओ, नारियल भी लूँगी और तनखा भी लूँगी.”

आई ताम्हन धरून तशीच उभी राहिली. तीनशे वर्षांत कुठल्या दफ्तरदाराला हे सुचलं नव्हतं. “असं... चालतं?” तिनं विचारलं.

“मालवा में सब चलता है, माँजी.”

आईनं ओटी भरली. भरताना तीही हसत होती आणि डोळेही पुसत होती. मग म्हणाली, “प्रसाद, त्या गौरीचा नंबर आहे का रे? आपली शेजारीण तिच्या बाळाला कोणी हवंय म्हणत होती.” मला त्या क्षणी आईचा पापा घ्यावासा वाटला.

सोमवार उजाडला. अंबिकाबाई वेळेआधीच हजर. देवश्रीनं निहूच्या दोन्ही गालांचे पापे घेतले, “येते हं राणी,” म्हणाली, स्कूटर सुरू केली आणि निघाली. वळून पाहिलं नाही. पाठ ताठ, हेल्मेट ताठ. कोपऱ्यावर सायकलवाल्यानं आपणहून वाट दिली. मी तिच्याकडे बघतच राहिलो. काय बाई आहे ही! असं वाटलं, आज सवारीत दिवे लागतील ते हिच्या भरवशावर, आणि ही माझी बायको.

मग मी निहूकडे वळलो. ती अंबिकाबाईंच्या कडेवर वाटी बडवत होती. “निहू, बाबापण ऑफिसला जातोय हं,” मी सांगितलं. “संध्याकाळी लवकर येईन. तू रडायचं नाही. बाबा तुला सोडून...” आणि मला हुंदकाच फुटला. नाक वाहायला लागलं. निहू वाटी बडवतच होती.

“कोण रडतंय गं?” आतून आईनं विचारलं. “निहू का?”

“नहीं माँजी, बच्ची तो मजे में है,” अंबिकाबाईंनी ओरडून सांगितलं. मग निहूच्याच दुपट्यानं माझं नाक पुसलं, तिच्या डब्यातलं एक बिस्किट काढून माझ्या हातावर ठेवलं आणि अनुभवी आवाजात म्हणाल्या, “पहले दिन सब रोते हैं, भैया. दो-चार दिन में आदत पड़ जाती है. अब जाओ, और मुड़ के मत देखना.”

मी बिस्किट खात खात फाटकापर्यंत गेलो आणि वळून पाहिलं. निहू मला टाटा करत होती, दोन्ही हातांनी, आणि तिला चांगलीच घाई झालेली दिसत होती.