रायाजीरावांच्या अंगठ्यावरील स्वारी

देवीस दंडवत. ही हकीकत लिहूच नये ऐसे मनात होते, दोनदा लिहून दोनदा खोडली, कारण की निम्मी चूक आमचीच. परंतु लपवून छातीवर ओझे बाळगावे त्यापेक्षा लोकांनी हसलेले बरे, म्हणोन लिहितो. शके १९४७, विश्वावसु नाम संवत्सरी, चैत्र शुद्ध द्वितीयेस आमचे राज्यातील, म्हणजे गावातील, काठीचे मानकरी रायाजीराव, वय एकोणचाळीस, आमचे जिवलग मित्र, सकाळी उठोन पाय खाली ठेविते झाले, तो उजव्या अंगठ्याचे मुळाशी वणवा पेटलेला. अंगठा लालभडक, टम्म, आणि तानूवहिनी पांघरूण सारखे करू गेल्या तो चादरीचे टोक अंगठ्यास लागोन राव ऐसे ओरडले की म्हैस दावे तोडून पळाली. आता प्रसंग बाका हा, की पौर्णिमेस देवीची उंच काठी, कमरेच्या पट्ट्यात रोवोन आणि मागून दोरीने तोलोन, अनवाणी दोनशे पायऱ्या चढवावी लागते, आणि मानकरी एक वर्ष चुकला की मान भाऊबंदांत जातो. चुलतभाऊ हैबतराव त्याच दुपारी समाचारास आले आणि म्हणाले, "दादा, काळजी नको. काठीचा पट्टा मी माझ्या कमरेच्या मापाने शिवायला टाकलाय."

मग आमचे राज्याचा रिवाज ऐसा, की पाय दुखला तर बोकडाच्या पायांचा रस्सा पाजावा. ती कामगिरी आम्ही घेतली. चार दिवस, दोन्ही वेळा डेचकी भरभरून, आणि चवीस गुर्दे जास्तीचे. राव भुरके मारीत, वर दारूचा पेला घेत, आणि अंगठा वांग्याएवढा होई. मग वहिनी संतापोन राजवैद्य मैनाबाईंस घेऊन आल्या. त्यांनी सांध्यात सुई घालोन दोन थेंब काढिले, भिंगाखाली धरिले आणि आम्हांस म्हणाल्या, "या, बघा." पाहतो तो बारीक, चमकत्या सुयाच सुया! "युरिक आम्लाचे खडे हे," मैनाबाई बोलिल्या. "रक्तात जास्त झालं, मूत्रपिंडांनी बाहेर टाकलं नाही, की सांध्यात साचतं. मग आपल्याच शरीराची फौज त्याच्यावर तुटून पडते, म्हणून ही आग. खाल्लंत काय?" आम्ही डेचकीकडे पाहिले. वहिनींनी आमचेकडे बोट केले. मैनाबाई उद्गारल्या, "वा! शत्रूला रसद पोचवणारा जिवलग मित्र पहिल्यांदाच बघतेय!" रावांनी विचारिले, "म्हणजे सगळं खाण्यापिण्यामुळेच?" "सगळं नाही हो. तुमच्या वडिलांनाही होतं ना? काहींचं शरीरच ते नीट बाहेर टाकत नाही. पण दारू आणि गुर्द्यांनी त्यात भर घातली."

मग त्यांनी पोटाचे, मूत्रपिंडाचे दुखणे आहे का ते विचारोन सूज उतरायच्या गोळ्या दिल्या, आणि पाय उशीवर, बर्फ फडक्यात, पाणी भरपूर, दारू बंद. तिसरे दिवशी आग विझली, सातवे दिवशी राव अंगणात चालले, आणि पौर्णिमेस काठी घेऊन पायऱ्या चढू लागले. हैबतराव नवा पट्टा बांधोन शेजारी, आणि दर वीस पायऱ्यांनी, "दादा, घेऊ का?" शेवटली पायरी चढोन राव म्हणाले, "हैबत, पट्टा सैल कर रे, श्वास घे." आणि राज्य हसले.

त्याच संध्याकाळी मेजवानी मांडिली आणि मैनाबाईंनी रक्त तपासोन ठरविलेली रोजची गोळी रावांचे हाती आली. राव म्हणाले, "आता दुखत नाही, मग कशाला?" मैनाबाई म्हणाल्या, "सुया अजून आत आहेत. विरघळायला महिनोन्‌महिने लागतील. बरं वाटलं म्हणून सोडाल, तर पुढच्या चैत्रात हैबतरावांचा पट्टा कामी येईल." राव गोळी गिळते झाले आणि आमचेकडे केविलवाणे पाहोन म्हणाले, "तुम्ही सगळे रस्सा ओरपणार, आणि मी एकटा पाणी पिऊ?"

सारांश इतकाच, की स्वारी सुयांची, रसद आमची, आणि फत्ते मैनाबाईंची. आणि रायाजी, आता बखर बाजूला ठेवून सरळ सांगतो: तू एकटा नाहीस. डेचकी वहिनींकडे देऊन टाकली. तुझी गोळी चालू आहे तोवर तुझ्या शेजारी बसून मीही पाणीच पिईन, आणि पुढच्या चैत्रात काठीची मागची दोरी माझ्या हातात असेल.