घरच्यासारखी सोय

एका जंगलात डांबरी रस्ता झाला. रस्ता झाला म्हणून जीप आली. जीप आली म्हणून सगळ्यांना कुठेतरी जावंसं वाटू लागलं. त्याआधी कोणाला वाटत नव्हतं.

मुलांनो, सरळ बसा. गोष्ट लहान आहे. मी ती एकदाच सांगतो.

त्या जंगलात बाळकोबा नावाचा साळिंदर राहत होता. बिळात पाच जण. बाळकोबा, त्याचा म्हातारा बाप, दोन धाकटे भाऊ आणि बायको तानूबाई. रांधणारी एकटी तानूबाई. चौघे जेवून उठले की ती जेवायला बसे. तोवर भाकरी वातड आणि आमटी गार.

तिची एकच इच्छा होती. एकदा कोणीतरी आपल्याला वाढावं. गरम. लग्नात तिला असं वाढलं होतं. पण तेव्हा ती लाजली आणि नुसता भात चिवडत बसली. ते तिला अजून सलत होतं.

"अगं, सहलीला जाऊ," बाळकोबा म्हणाला. "दिवसभरात सात पॉइंट बघायचे. मुक्काम लॉजवर. तुला चुलीकडे बघायचंसुद्धा नाही."

"वाढणार कोण?"

"लॉजवाला. त्याचं कामच ते."

तानूबाई सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली.

साळिंदरांनी दाटीवाटीने बसू नये. पण जीपमध्ये दुसऱ्या रीतीने बसता येत नाही. प्रत्येक वळणावर एकाचे काटे दुसऱ्याला टोचत. गाडी गवा चालवत होता. तो अंग चोरून बसला होता. गवा अंग चोरून चोरणार किती.

पहिला पॉइंट वाघपाणी. इथे वाघ पाणी प्यायला होता.

"कधी?" सासऱ्याने विचारलं.

"आजोबा, पाच मिनिटं आहेत," गवा म्हणाला. "फोटो काढा आणि बसा."

दुसऱ्या पॉइंटला धबधबा होता. तो पावसाळ्यात असतो. तिसऱ्याला धुकं होतं, ते मात्र भरपूर. चौथ्या पॉइंटला हाक मारली की डोंगर उलट हाक मारत असे. धाकटा दीर ओरडला, "कोण आहे रे तिकडे?" डोंगरानेही तेच विचारलं. दोघांनाही उत्तर मिळालं नाही. पाचवा आणि सहावा पॉइंट एकच होता. एकदा वरून दाखवला, एकदा खालून.

सातवा सगळ्यांत नावाजलेला. तिथे लोखंडी कठडा आणि ही गर्दी. सगळे माना लांब करून खाली बघत होते.

"काय दिसतं?" बाळकोबाने विचारलं.

"तुमचंच जंगल," गवा म्हणाला. "नीट बघितलं तर बीळसुद्धा दिसतं."

सगळ्यांनी बिळाचा फोटो काढला. तानूबाईने काढला नाही. तिला भूक लागली होती.

दिवस मावळताना लॉज आलं. लॉज म्हणजे दोन खोल्या आणि एक पडवी. गादी होती, पण तिच्यातला कापूस एका कोपऱ्यात जाऊन बसला होता. नळ होता. फिरवला की आवाज येई. मालक मुंगूस दारात हात जोडून उभा होता.

"या वहिनी. अगदी घरच्यासारखी सोय आहे बघा."

"जेवायला कधी वाढता?"

"घरी कोण रांधतं?"

"मी."

"मग चूल त्या बाजूला. पीठ डब्यात आहे. घरच्यासारखं म्हणजे घरच्यासारखं. आमच्याकडे खोटं चालत नाही."

तानूबाईने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

"पीठ चांगलं दिसतंय, सूनबाई," सासरा म्हणाला.

तानूबाईच्या पाठीवरचे काटे उभे राहिले. मग खाली बसले. ती चुलीपाशी गेली. पिठलं शिजवलं. भाकरी थापली, भाजली, फुगवली. चौघे भिंतीला टेकून ओळीत बसले. ताटं पुढे ओढली.

तानूबाईने हात धुतले. पाचवं ताट घेतलं आणि ओळीत सगळ्यांच्या आधी, पहिल्या जागेवर बसली.

"भाऊजी, वाढा," ती मुंगसाला म्हणाली.

"मी?"

"मला वहिनी कोण म्हणालं? वहिनी म्हणालात म्हणजे दीर झालात. का ते खोटं होतं?"

मुंगूस घुटमळला. पाहुणे ऐकत होते. त्याने भाकरी वाढली. शेजारी पिठलं वाढलं. वाफ निघत होती.

"अगं, आधी आम्हाला," बाळकोबा म्हणाला. "घरी आधी आम्ही जेवतो."

"घरी," तानूबाई म्हणाली. "हे घर नाही. घरच्यासारखं आहे."

ती सावकाश जेवली. दोन भाकरी खाल्ल्या. तिने थापल्याच दोन होत्या.

तिसरी बाळकोबाने थापली. तव्यावरून उचलताना तिचे तीन तुकडे झाले. एक बापाला दिला, दोन भावांना. मग तो पुन्हा पिठाच्या डब्याकडे वळला. धुराने त्याच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. धुरानेच आलं होतं, असं तो अजून सांगतो.

तात्पर्य : सहलीला बायकोला नेऊ नये. घर कोणतं आणि घरच्यासारखं कोणतं, हे पुरुषाला जन्मभर कळत नाही. तिला एका संध्याकाळी कळतं.