आगारीची चवळी

टण्!

स्टीलच्या ताटलीत चवळीचा एक दाणा पडला आणि तो आवाज घरभर घंटेसारखा घुमला. दहा शिट्ट्या झालेल्या चवळीने असा आवाज करायचा नसतो. मयुरीने दाणा चिमटीत दाबून पाहिला. बोट दुखलं, दाणा होता तसाच.

"शिजली?" योगराजने दारातून विचारलं.

"दगड शिजेल, ही नाही शिजायची."

"भिजवली नव्हतीस का?"

"विसरले," ती म्हणाली.

विसरली नव्हती. काल संध्याकाळी तिने बरणी दोनदा खाली काढली होती. सासूबाईंनी, पुष्पाबाईंनी, जायच्या आधीच्या उन्हाळ्यात गावच्या घरी, असोद्याला, गच्चीवर वाळवून, राख चोळून भरलेली ती शेवटची बरणी. पाण्यात टाकली की राख धुऊन जाणार, आणि ती राख तर त्यांच्या हातची. दोन्ही वेळा बरणी परत फळीवर गेली. शेवटी सकाळी नाइलाजाने मूठभर दाणे कोरडेच कुकरात गेले.

आज त्यांचं वर्षश्राद्ध. म्हणजे आगारी आलीच: गोवरीच्या निखाऱ्यावर तूप सोडायचं, गेलेल्या माणसाच्या आवडीचा घास टाकायचा. भडका उठला की माणूस जेवलं. आणि पुष्पाबाईंची आवड चवळी, यात घरात कुणाला शंका नव्हती. आठवड्यातून दोनदा त्या चवळीची उसळ करायच्या.

"डब्यातले दाणे मिळतात आता," योगराज हळूच म्हणाला. "शिजवलेले, तयार."

"आईंच्या आगारीला टिनचा डबा?"

"मग हे खडे वाढायचे? वनाअक्का असोद्याहून गाडीत बसली पण. बारा वाजायच्या आत घास पडला पाहिजे."

मयुरी कुकरकडे बघत राहिली. "जा. पण आबांना कळू देऊ नका."

तासाभराने तो तीन डबे घेऊन आला. "चवळी नव्हती. हा पांढरा घेवडा आहे, मिठाच्या पाण्यातला. दोनच होते."

"आणि हा तिसरा?"

"तो टोमॅटोच्या गोड रसातला. पण दाणा तोच आहे."

घरात डबा उघडायचं काहीच नव्हतं. शेवटी योगराज पेचकस आणि खलबत्त्याचा बत्ता घेऊन न्हाणीघरात शिरला आणि आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याने नळ सोडला. दुसऱ्या ठोक्याला मिठाचं पाणी त्याच्या डोळ्यात गेलं. पाचव्याला पांढऱ्या सदऱ्यावर तांबडा फवारा उडाला.

"आबा," पाच वर्षांची रूपा बैठकीत ओरडली, "पप्पा न्हाणीत काहीतरी मारताहेत!"

रतिलालआबा बायकोच्या फोटोला हार घालत होते. "मारू दे बेटा," ते जड आवाजात म्हणाले. "आज त्याले त्याची माय आठवत असंल."

चवळीला काळा डोळा असतो, घेवड्याला नसतो. म्हणून मयुरीने काळा मसाला दुप्पट घातला; काळ्या रश्शात डोळे मोजायला कोण बसतंय? डब्यांतलं पाणी मात्र निथळायचं राहिलं, कारण तेवढ्यात बेल वाजली. असोद्याहून वनाअक्का आल्या होत्या, आबांची थोरली बहीण.

गॅलरीत फोटोसमोर निखारे फुलले होते. आबांनी तूप सोडलं, ज्वाळा उठली. आबांनी घास टाकला. चस्स! ज्वाळा विझली, निखारा काळा पडला.

आबांनी काळ्या निखाऱ्यापुढे हात जोडले. "पुष्पे, काय राह्यलं व तुझं? असोद्याचं घर का? नही विकत मी घर. जा."

"आबा!" योगराज दचकला. "अहो, परवाच तर तुम्ही हो म्हणालात. गिऱ्हाईक रविवारी येणार आहे."

"गप बस. तुझी माय उपाशी हाये."

दुसरा घास. चस्स!

आता योगराजने डोळे मिटून हात जोडले. "आई, तंबाखू सोडली. आजपासून."

तो तंबाखू खातो हे मयुरीला लग्नाच्या सात वर्षांनी, या धुरात कळलं. पण तेव्हा रागवायलाही तिच्यात जोर नव्हता. तिसऱ्या घासाला शेवटचा निखाराही गेला, आणि तिला फोटोतल्या बाईच्या चेहऱ्याकडे बघवेना.

वनाअक्कांनी मात्र ताटातला एक दाणा उचलून तोंडात टाकला. "अव माय! हे गोड कायचं व?"

"डब्यातलं आहे, अक्का." मयुरीचा बांध फुटला. "आईंची चवळी मी भिजवलीच नाही. हात नाही धजला माझा. वर्षाच्या दिवशी त्या उपाशी राहिल्या, माझ्यामुळे."

"रडू नको, पोरी. पुष्पी कवा चवयी खाये? तिचं पोट दुखे चवयीनं."

आबांनी मान वर केली. "काय म्हनतेस अक्का? हप्त्यातून दोनदा करे ती."

"तुले लागे म्हनून करे! सोता ताक-भाकर खाऊन उठे."

"म्हणजे आईला ताक-भाकरी आवडायची," योगराज सुटल्यासारखा म्हणाला.

"आवडे कायची? उरे, म्हनून खाये."

"मग आवडायचं काय तिला?"

अक्का विचारात पडल्या. बेचाळीस वर्षं संसार केलेले आबा फोटोकडे पाहत होते, जणू फोटोच सांगेल. "भरीत?" त्यांनी चाचपडत विचारलं.

"ते योगराजले."

"खीर?"

"ती तुले. दात नही म्हनून."

मयुरीने आठवून पाहिलं. पुष्पाबाई ओट्याशी उभ्या दिसल्या, वाढताना दिसल्या, पातेलं खरवडताना दिसल्या. ताटावर बसलेल्या काही केल्या दिसेनात. गॅलरीत ओल्या राखेचा वास पसरला होता. आबांनी खाली बसून गुडघ्यांत तोंड घातलं आणि अक्का त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

रूपा इतका वेळ बोटं मोजत होती. "आबांना चवळी. पप्पांना भरीत. मला शेवया." चौथ्या बोटाशी ती अडली. ते तसंच धरून ती मयुरीजवळ आली आणि तिच्या ओल्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली,

"आई, तुझ्या आगारीला मी काय करू गं?"