बाजूवालो आणि नलूमावशी

नलूमावशी कोणाला तरी शिव्या देतात हे मला त्यांचं नाव कळण्याआधी कळलं.

करी रोडच्या टॉवरमध्ये आम्ही नवीन राहायला आलो होतो. आमच्या मजल्यावर सगळ्यांची दारं कायम बंद. पण समोरच्या बंद दारातूनही रोज सकाळी आवाज यायचा, "मेल्या, मी काय म्हटलंय आणि तू काय दाखवतंस? डोळे फुटले काय तुझे?" उलट उत्तर कधी ऐकू यायचं नाही. आत कोणी गरीब स्वभावाचे म्हातारे गृहस्थ असतील आणि मुकाट्याने ऐकून घेत असतील, अशी माझी समजूत. मला त्यांची फार दया यायची.

एकदा समोरचं पार्सल चुकून आमच्याकडे आलं. ते द्यायच्या निमित्ताने मी बेल वाजवली. गृहस्थांना बघायची उत्सुकता होतीच. दार उघडलं तर आत बाई एकट्याच. सत्तरीच्या, पदर खोचलेला, चष्मा कपाळावर, टेबलावर लॅपटॉप उघडा.

"तुम्ही कोणाशी बोलत होतात?" मला राहवलं नाही.

"ह्याच्याशी. बाजूवालो." त्यांनी पडद्याच्या उजव्या कडेला बोट दाखवलं.

मी एका फर्निचर कंपनीसाठी ब्लॉग लिहिते, त्यामुळे बाजूवाल्याला लगेच ओळखलं. आपण लेख लिहीत गेलो की उजवीकडे एक पट्टी उघडते, आणि लेखाला शोभतील असे फोटो आणि इतरांच्या लेखांच्या लिंक सुचवत राहते. पटलं तर टिचकी मारायची, नाही तर दुर्लक्ष करायचं. मी गेली कित्येक वर्षं दुर्लक्ष करत आले आहे.

मावशींना ते जमत नाही. त्यांच्या बंगळुरूच्या मुलीने त्यांना ब्लॉग काढून दिला, आणि मावशी त्यावर मालवणी माशांच्या पाककृती लिहू लागल्या. आता बाजूवाल्याला मराठी येत होतं, पण मासे येत नव्हते. मोरी म्हणजे लहान शार्क. मावशींनी 'मोरीचं मटण' असं शीर्षक दिल्याबरोबर त्याने नळाखालची पांढऱ्या लादीची मोरी दाखवली आणि तिच्या शेजारी एक बोकड उभा केला. बांगड्याचं तिखलं लिहिलं तर हिरवा चुडा भरलेले नवरीचे हात. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, लिहिल्या तेव्हा त्याने लिंक सुचवली, 'तिसऱ्या बाळाचं नाव काय ठेवाल?'

"मग तुम्ही काय केलंत?"

"वाचलं ना सगळं. त्या बाईने एवढं लिहिलंय आणि खाली एक माणूस बोललेला नाही. मी लिहिलं, अभिनंदन, नाव काहीही ठेवा, पण बाळंतिणीला इतक्यात तिसऱ्या देऊ नका."

चुकीचा फोटोसुद्धा त्या टाळत नसत, टिचकी मारून लेखात घेत. "दारात इलेल्याक हाकलूचा नाय," दारी आलेल्याला घालवायचं नाही, हा त्यांचा नियम. मोरीच्या मटणावर ती लादीची मोरी अजून आहे. खाली मावशींनी लिहिलंय, 'ही मोरी ती नव्हे. पण लादी छान बसवलेली आहे.' पाककृती वाचायला कोणी फिरकत नव्हतं, या ओळी वाचायला मात्र माणसं येऊ लागली. माझ्या सोफ्यांवरच्या लेखांना एवढी गिऱ्हाइकं कधी आली नाहीत.

मला एका गोष्टीचं कोडं होतं. मावशी आयुष्यभर शाळेत शिवण शिकवत होत्या. माझ्याशी बोलताना त्यांचं मराठी शाळेतलं, स्वच्छ. बाजूवाल्याशी मात्र मालवणी. मी कारण विचारलं.

"भांडाक मालवणी बरी," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला उठल्या.

मग बाजूवाला सुधारला. कंपनीने काहीतरी बदल केले, आणि एका सकाळी मावशींनी मोरी लिहिलं तर खराखुरा मासा आला. बांगडा लिहिलं, बांगडा आला. लिंकसुद्धा मोजून माशांच्याच. मला वाटलं, चला, मावशींचा त्रास संपला.

समोरून आवाज येईनासा झाला. पहिले दोन दिवस बरं वाटलं. पुढे चुकल्यासारखं होऊ लागलं. ब्लॉगवरही नवीन काही येईना. आठवड्याने मी बेल वाजवली. लॅपटॉपवर क्रोशाचा रुमाल घातलेला होता.

"बरं नाही का, मावशी?"

"बरी आहे की."

"मग लिहीत का नाही? आता तर तो सगळं बरोबर दाखवतो."

"तेच ना," त्या म्हणाल्या. बराच वेळ रुमालाची किनार सरळ करत राहिल्या. "आमचे हे बाजारात जायचे. आयुष्यात एकदा सांगितलेलं आणलं नाही. पालक सांगितला तर माठ, आमसुलं सांगितली तर चिंच. मी भांडायची, हे हसायचे. दोन वर्षं झाली जाऊन. आता घरात काही चुकतच नाही गो. मी ठेवलेली वस्तू मी ठेवलेल्या जागीच सापडते."

मला सुचलं ते भलतंच. "मावशी, मला मासे करायला शिकवा. मी घेऊन येते."

आमच्या माहेरी गिरगावात मासे कधी शिजले नाहीत. मी लालबागच्या बाजारात गेले, ऐटीत अर्धा डझन बांगडे घेतले आणि मावशींपुढे पिशवी ठेवली. त्यांनी एक बांगडा हातात घेतला, कल्ला उघडला, बोटाने पोट दाबलं. बोट आत गेलं ते खड्डा करूनच.

"गो बाय माझे!" त्या ओरडल्या. "ह्यां काय आणलंस? कल्ले बघलंस? काळे पडलेत! मांजरय तोंड लावूचा नाय!"

शेजारचं दार किलकिलं झालं. मी मान खाली घालून ऐकत होते. मावशींनी पदर नीट केला, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "चल, दाखवते तुला."

पूर्वी कधीकधी दोघं मिळून मासळीला जात, पण नवरा गेल्यापासून आपण बाजारात पाऊल टाकलेलं नाही, हे त्यांनी मला खाली उतरल्यावर सांगितलं. लालबागला पोचेपर्यंत त्या माझ्या मागे मागे चालत होत्या. पण मासळीचा वास आला तशी त्यांची चाल बदलली. दोन कोळणींना नापास करून त्या तिसरीपुढे बसल्या. एकेक बांगडा उचलून, कल्ले उघडून मला लाल रंग दाखवत होत्या. कोळीण त्यांच्याकडे निरखून बघत होती.

"बाय, किती दिवसांनी?" ती म्हणाली. "आणि काका नाय आले?"

मावशींचा हात बांगड्यावर थांबला. मी पुढे होऊन काही सांगणार, तेवढ्यात त्यांनी मान वर केली.

"नाय इले," त्या म्हणाल्या. "ते नेहमी चुकीचा आणतत. म्हणान आज मीच इलंय."

कोळीण खळखळून हसली. मावशीही हसल्या आणि पुढचा बांगडा निवडू लागल्या.